फोनवरून क्यूबसीटीएल: कंटेनर प्लॅटफॉर्मची हत्यारं पहिल्यांदा बसवताना

गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या साखळीहून भाचीचा फोन आला. "मामा, सोमवारपासून वेर्ण्याला इंटर्नशिप. त्यांनी एक फाइल पाठवलीय आणि लिहिलंय, लॅपटॉपवर क्यूबसीटीएल बसवून या. हे काय असतं?" तिच्याकडे लाइट जाऊन-येऊन होती, व्हिडिओ कॉल दोन मिनिटं टिकत नव्हता. म्हणून सगळा कारभार तोंडी चालला. मी फोंड्यात गॅलरीत बसून आज्ञा वाचायच्या, तिने तिकडे टाइप करायच्या. दोन संध्याकाळी गेल्या. प्रोग्राम बसवायला त्यातली जेमतेम दहा मिनिटं लागली. बाकी सगळा वेळ 'आपण नेमकं कुणाशी बोलतोय' हे शोधण्यात गेला. नवीन माणूस अडकतो तो तिथेच, म्हणून हा लेखही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आज्ञा मी फोनवर वाचल्या तशाच, देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायच्या. क्यूबसीटीएल म्हणजे के, यू, बी, ई, सी, टी, एल, सगळं सलग. भाचीने 'क्यूब' ऐकून पहिलं अक्षर क्यू टाइप केलं आणि 'कमांड नॉट फाउंड' बघून पाच मिनिटं माझ्यावर चिडली. कुणी याला क्यूबकंट्रोल म्हणतं, कुणी क्यूबकटल. वस्तू एकच.

हे हत्यार करतं काय

कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेला डबा, आणि कुबरनेटिस ही असे कंटेनर चालवणारी यंत्रणा. गूगलने ती जून २०१४मध्ये जगासाठी खुली केली, जुलै २०१५मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि तेव्हापासून ती क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या 'कर्णधार'चाही मुळातला अर्थ तोच, कर्ण म्हणजे सुकाणू. आपल्या किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतात.

हा तांडेल तुमच्या लॅपटॉपवर नसतो. तो क्लस्टरमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या संगणकांच्या गटात, एपीआय सर्व्हर नावाच्या दारामागे बसलेला असतो. क्यूबसीटीएल हा नुसता निरोप्या. तुम्ही 'तीन प्रती चालव' म्हटलंत की तो ते वाक्य एचटीटीपीएसवरून त्या दारापर्यंत नेतो आणि उत्तर घेऊन येतो. स्वतः काही चालवत नाही. म्हणून त्याला भारी यंत्र लागत नाही, जुनापुराणा लॅपटॉपही चालतो. आणि म्हणूनच तो बिघडला असं वाटतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा बिघाड निरोप्यात नसतो, वाटेत किंवा पत्त्यात असतो.

विंडोजवाल्यांनी आधी एवढं करा

भाचीकडे विंडोज ११ आणि ८ जीबी रॅम. क्यूबसीटीएल थेट विंडोजवरही बसतं, विंगेट या विंडोजच्या बसवणाऱ्या आज्ञेने एका ओळीत. पण पुढे कामावर जे कागद, स्क्रिप्ट आणि सल्ले मिळतात ते जवळजवळ सगळे लिनक्स गृहीत धरून लिहिलेले असतात. म्हणून मी सरळ डब्ल्यूएसएल घ्यायला सांगतो. ते म्हणजे विंडोजच्या पोटातलं लिनक्स. पॉवरशेल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि टाइप करा:

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

मग संगणक रीस्टार्ट करा. वर आल्यावर उबुंटू (हाच तो आत बसलेला लिनक्सचा प्रकार) तुम्हाला नाव आणि पासवर्ड विचारेल. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तरी तो उमटत असतो. आभासीकरण बंद असल्याची तक्रार आली तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू करावं लागतं. प्रत्येक कंपनीच्या लॅपटॉपवर त्याची जागा वेगळी असते.

डब्ल्यूएसएल सहसा निम्म्या रॅमपर्यंत हात मारतं. ८ जीबीच्या यंत्रावर सोबत ब्राउझरचे वीस टॅब उघडे असले की लॅपटॉप फेरीबोटीसारखा हलतो. टॅब बंद करा, हा फुकटचा उपाय.

मॅकवाल्यांना यातलं काही नको. होमब्रू असेल तर 'ब्रू इन्स्टॉल क्यूबसीटीएल' एवढंच. लिनक्सवाल्यांनी पुढच्या भागावर यावं.

क्यूबसीटीएल बसवणं

उबुंटूत सगळ्यात सोपी वाट स्नॅपची, म्हणजे त्याच्याच प्रोग्राम बसवणाऱ्या सोयीची:

सुडो स्नॅप इन्स्टॉल क्यूबसीटीएल --क्लासिक

शिकायला ही पुरते. पण स्नॅप आपल्या मर्जीने अद्ययावत होत राहतं, आणि कामाच्या ठिकाणी ते सोयीचं नाही. क्यूबसीटीएल आणि समोरचा एपीआय सर्व्हर यांच्या आवृत्तीत एका पायरीपेक्षा जास्त फरक नसावा असा नियम आहे. सर्व्हर १.३२ असेल तर तुमचं १.३१, १.३२ किंवा १.३३ चालेल. कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात, म्हणजे वर्षभर झोपलात तर तुम्ही या कक्षेबाहेर गेलात. फरक पडला म्हणून लगेच सगळं बंद पडत नाही. मधूनच एखादी आज्ञा विचित्र वागते, आणि तेच जास्त त्रासाचं.

म्हणून मी भाचीला दुसरी वाट दिली. कुबरनेटिस डॉट आयओ या अधिकृत संकेतस्थळावर 'इन्स्टॉल टूल्स' असं पान आहे. तिथे लिनक्स निवडून हव्या त्या आवृत्तीची एकच फाइल उतरवायची. पत्ता लांब आहे, तो हाताने टाइप करू नका, तिथूनच उचलून टर्मिनलमध्ये चिकटवा. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडी असेल तर एएमडी६४ घ्यायचं, एआरएम असेल तर एआरएम६४. चुकीचं उतरवलंत तर चालवताना 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतो. तो दिसला की दुसरं काही शोधत बसू नका, फाइलच चुकलीय.

त्याच पानावर शेजारी पडताळणीची छोटी फाइल असते, तीही उतरवा. शा२५६ची बेरीज, म्हणजे फाइलवरून काढलेली तिची खूण, जुळली तर टर्मिनल 'क्यूबसीटीएल: ओके' म्हणतं. भाची म्हणाली, "राहू दे ना मामा." बाजारात बांगडा घेताना कल्ले उघडून लाल आहेत का बघतोच ना आपण? तेवढंच हे काम आहे, तीन सेकंदांचं. कंपनीच्या क्लस्टरची किल्ली ज्या प्रोग्रामच्या हातात द्यायची, तो वाटेत कुणी बदललेला नाही एवढी खात्री हवी.

मग फाइल जागेवर ठेवायची. त्याच पानावरची 'सुडो इन्स्टॉल'ने सुरू होणारी ओळ तिला यूएसआर-लोकल-बिन या फोल्डरमध्ये ठेवते आणि चालवण्याची परवानगीही देते. तपासा:

क्यूबसीटीएल व्हर्जन --क्लायंट

'--क्लायंट' विसरू नका. ते नसेल तर तो सर्व्हरलाही विचारायला जातो, सर्व्हर अजून नाही, आणि तुम्हाला उगाच वाटतं की काहीतरी मोडलं.

एक इशारा जुन्या लेखांबद्दल. ॲप्टने (उबुंटूची प्रोग्राम बसवणारी दुसरी आज्ञा) बसवण्याच्या अनेक जुन्या सूचनांत ॲप्ट डॉट कुबरनेटिस डॉट आयओ असा भांडाराचा पत्ता सापडतो. तो सप्टेंबर २०२३मध्ये गोठवला गेला आणि पुढच्या वर्षी बंद झाला. नवं भांडार पीकेजीएस डॉट के८एस डॉट आयओवर आहे आणि तिथे प्रत्येक आवृत्तीची ओळ वेगळी असते. 'फोर-ओ-फोर' किंवा रिलीज फाइल सापडत नाही असं दिसलं तर तुम्ही जुन्या पाटीवरून बंद पडलेल्या धक्क्यावर पोचलाय.

आणखी एक घोटाळा: डॉकर म्हणजे एकाच यंत्रावर कंटेनर चालवणारा प्रोग्राम, आणि त्याचं डॉकर डेस्कटॉप स्वतःचं क्यूबसीटीएल सोबत घेऊन येतं. तुम्ही नवं बसवता, आवृत्ती मात्र जुनीच दिसते. 'विच -ए क्यूबसीटीएल' विचारा. यंत्रावर किती प्रती आहेत ते दिसेल, आणि यादीत जी पहिली तीच चालते.

पहिली चूक मुद्दाम करून बघा

आता टाइप करा:

क्यूबसीटीएल गेट नोड्स

उत्तर येईल की लोकलहोस्टच्या ८०८० पोर्टवर जोडणी नाकारली, पत्ता बरोबर दिलात ना? नवीन माणूस इथे घाबरून सगळं पुसून पुन्हा बसवतो. गरज नाही. या ओळीचा अर्थ एवढाच की निरोप्याला पत्ताच दिलेला नाही. पत्ता नसला की तो स्वतःच्याच घराचं दार वाजवतो, आणि तिथे कोणी नसतं. आयुष्यभर ही ओळ जेव्हा दिसेल तेव्हा पहिला संशय पत्त्याच्या वहीवर घ्या.

सरावाचं क्लस्टर

कंपनीच्या फाइलला हात लावण्याआधी घरचं क्लस्टर उभं करा. मी काइंड वापरतो. नावाचा अर्थच 'डॉकरमधलं कुबरनेटिस'. क्लस्टरचा प्रत्येक नोड, म्हणजे गटातला एकेक संगणक, इथे एक कंटेनर असतो. मिनीक्यूबही चांगलं आहे. त्याला किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते. दोन्हींतलं एक निवडा, सुरुवातीला दोन्ही नकोत.

आधी डॉकर:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल डॉकर.आयओ
सुडो यूझरमॉड -एजी डॉकर $यूझर

तिसऱ्या ओळीतला जी आणि शेवटचा यूझर हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, यूझरमॉड मात्र छोट्या. ही ओळ तुम्हाला डॉकरच्या गटात घालते. तिचा परिणाम टर्मिनल बंद करून पुन्हा आत आल्यावरच होतो. भाचीची पहिली संध्याकाळ इथेच संपली. 'परमिशन डिनाइड' येत होतं, आम्ही दोघं कारण शोधत होतो, आणि तेवढ्यात लाइट गेली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नव्याने सुरू झाला आणि सगळं आपोआप चाललं. वीज खात्याने केलेलं एवढं एकच दुरुस्तीकाम माझ्या लक्षात आहे.

काइंड हीसुद्धा एकच फाइल. तिच्या अधिकृत पानावरून उतरवून त्याच बिन फोल्डरमध्ये ठेवा. मग:

काइंड क्रिएट क्लस्टर --नेम सराव

पहिल्यांदा काहीशे एमबी उतरतात. मोबाइलच्या डेटावर असाल तर आधी शिल्लक बघा. झाल्यावर पुन्हा 'क्यूबसीटीएल गेट नोड्स' विचारा. सराव-कंट्रोल-प्लेन नावाचा एक नोड दिसेल. सुरुवातीला 'नॉटरेडी' असेल, अर्ध्याएक मिनिटात 'रेडी' होईल.

तुम्ही पत्ता कुठेच दिला नव्हता, तरी या वेळी निरोप पोचला. कारण काइंडने तुमच्या वहीत गुपचूप एक नोंद केली.

वही: क्यूबकॉन्फिग

ही वही तुमच्या होम फोल्डरमध्ये '.क्यूब' नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते आणि तिचं नाव नुसतं 'कॉन्फिग'. उघडून बघा:

क्यूबसीटीएल कॉन्फिग व्ह्यू

आत तीन याद्या आहेत. पहिली क्लस्टर्सची: दार कुठे आहे आणि ते खरं दार आहे हे कोणत्या प्रमाणपत्रावरून ओळखायचं. दुसरी यूझर्सची: तुम्ही कोण, ओळख काय दाखवणार. तिसरी कॉन्टेक्स्टची: यातली कुठली ओळख घेऊन कुठल्या दारी जायचं, आणि आत गेल्यावर कुठल्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या कुठल्या खोलीत, बसायचं. आणि एक ओळ असते 'करंट-कॉन्टेक्स्ट'. सध्या कुठली जोडी चालू आहे ते ती सांगते.

सगळी मेख त्या एका ओळीत आहे. काइंडने नवं क्लस्टर केलं की ती ओळ बदलते. क्लाउडवरच्या क्लस्टरची नोंद वहीत घालणाऱ्या ॲमेझॉन, गूगल, ॲझ्युअरच्या आज्ञासुद्धा ती बदलतात. कुणी तुम्हाला विचारत नाही. तुम्ही त्याच टर्मिनलमध्ये, त्याच फोल्डरात, काल लिहिलेलीच आज्ञा लिहिता आणि ती भलत्याच गावी जाऊन पोचते.

माझं तसं झालेलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सकाळी मी सरावाच्या क्लस्टरमधली एक नेमस्पेस पुसायला बसलो. आदल्या रात्री एका सहकाऱ्याला मदत करताना कॉन्टेक्स्ट बदलला होता, तो तसाच राहिला होता. नेमस्पेसचं नाव दोन्हीकडे एकच. नेमस्पेस पुसली की तिच्या आतलं सगळं जातं, आणि 'नक्की ना?' असं कुणी विचारत नाही. ग्राहक वापरत होते ते टेस्टिंगचं वातावरण दुपारपर्यंत पुन्हा उभं करावं लागलं. जेवणाचा डबा संध्याकाळी घरी आणून खाल्ला. तेव्हापासून काही पुसण्याआधी ही ओळ माझ्या बोटांतून आपोआप निघते:

क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट

सगळे कॉन्टेक्स्ट बघायला 'कॉन्फिग गेट-कॉन्टेक्स्ट्स', बदलायला 'कॉन्फिग यूझ-कॉन्टेक्स्ट' आणि पुढे नाव. काइंडने केलेल्या कॉन्टेक्स्टला आधी काइंड हा शब्द लागतो, म्हणजे आपला 'काइंड-सराव'. जोखमीच्या आज्ञेत तर करंटवर भरवसा न ठेवता '--कॉन्टेक्स्ट काइंड-सराव' असं स्पष्टच लिहा. टाइप जास्त करावं लागतं, करा.

आता कंपनीची फाइल. अनेक लेख सांगतात की ती जुन्या वहीत मिसळा. माझं मत उलट आहे, किमान पहिल्या सहा महिन्यांसाठी. ती '.क्यूब' फोल्डरातच वेगळ्या नावाने ठेवा, समजा 'वेर्णा'. काम करायचं त्या टर्मिनलमध्येच तिची ओळख द्या:

एक्स्पोर्ट क्यूबकॉन्फिग=~/.क्यूब/वेर्णा

इथे क्यूबकॉन्फिग हा शब्द सगळा मोठ्या रोमन अक्षरांत. ही ओळ त्या एका खिडकीपुरतीच लागू. खिडकी बंद केली की पुन्हा घरच्या वहीवर. एक खिडकी घरची, एक कंपनीची, आणि दोघींचे रंग वेगळे ठेवा. माझी कंपनीची खिडकी लाल आहे.

फाइलवर 'सीएचमॉड ६००' करून ती फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी करा. तिच्यात तुमची ओळख आहे, घराची किल्लीच म्हणा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, गिटमध्ये घालू नका. आणि अनोळखी माणसाने दिलेली अशी फाइल वापरूही नका. तिच्यात 'हा प्रोग्राम चालवून ओळख मिळव' अशी सूचना असू शकते, आणि तो प्रोग्राम तुमच्या यंत्रावर चालतो.

डब्ल्यूएसएलवाल्यांसाठी खास: विंडोजची वही वेगळी, उबुंटूची वेगळी. डाउनलोड फोल्डरात आलेली फाइल उबुंटूला आपोआप दिसत नाही, एमएनटी-सी या वाटेने जाऊन तिची प्रत इकडे आणावी लागते. भाचीने फाइल विंडोजच्या '.क्यूब'मध्ये ठेवली होती आणि मी इकडून "अगं, नीट बघ, असणारच" म्हणत होतो.

निरोप कुठे अडला

कंपनीच्या क्लस्टरला पहिल्यांदा हाक मारली की काहीतरी चुकतंच. चूक इंग्रजीत लांबलचक येते. शेवटचे चार शब्द वाचा. निरोप किती लांब गेला ते त्यातून कळतं. मी भाचीला बेतीहून पणजीला जाणाऱ्या फेरीचं उदाहरण दिलं.

'नो सच होस्ट' म्हणजे त्या नावाचा धक्काच नकाशात नाही. नाव चुकलं, किंवा ते नाव फक्त कंपनीच्या जाळ्यातच ओळखलं जातं. 'आय-ओ टाइमआउट' म्हणजे फेरी सुटली पण पलीकडे लागलीच नाही. कारण जवळपास नेहमी एकच: व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात नेणारी खासगी वाट, सुरू केलेला नसतो. डब्ल्यूएसएलमध्ये आणखी एक गंमत असते, विंडोजवर व्हीपीएन चालू असूनही उबुंटूला तो दिसत नाही. अशा वेळी कंपनीतल्या माणसाला थेट विचारा, रात्र घालवू नका. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे धक्का सापडला, पण तिथे कुणी उभं नाही. बहुतेक पोर्ट चुकलं. एपीआय सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट ६४४३, पण क्लाउडवर अनेकदा ४४३ असतं.

'एक्स५०९' असं कुठेही दिसलं तर भेट झाली, पण प्रमाणपत्रावर विश्वास बसेना. यात 'नॉट येट व्हॅलिड' असं दिसलं तर आधी घड्याळ बघा. लॅपटॉप झोपवून उठवला की डब्ल्यूएसएलचं घड्याळ कधी कधी मागे राहतं, आणि आजचं प्रमाणपत्र त्याला उद्याचं वाटतं. पॉवरशेलमध्ये 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करून पुन्हा उघडलं की बहुधा ताळ्यावर येतं. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणारा एक पर्याय असतो आणि कुणीतरी तो सुचवणारच. घेऊ नका.

'अनऑथराइज्ड' म्हणजे तुम्ही कोण ते पटलं नाही, ओळख जुनी झाली, पुन्हा लॉगिन करा. 'फॉरबिडन' म्हणजे ओळखलं, पण हे काम तुम्हाला करायची मुभा नाही. हे दोन शब्द नवीन माणूस नेहमी गोंधळतो. फॉरबिडन ही खरं तर आनंदाची बातमी आहे: पत्ता, वाट, ओळख सगळं बरोबर निघालं. इंटर्नला सगळ्या नेमस्पेस दिसू नयेत हेच बरोबर. आपल्याला काय करता येतं ते असं विचारा:

क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय --लिस्ट

गूगलच्या क्लस्टरसाठी ओळख काढून देणारा एक वेगळा प्लगइन लागतो, तो नसेल तर तसा उल्लेख चुकीतच येतो. आणि तुमच्या कंपनीत ओपनशिफ्ट (कुबरनेटिसवरच उभी असलेली यंत्रणा) असेल तर क्यूबसीटीएलसोबत ओसी नावाचं हत्यार मिळतं. त्याच्या वेब पानावर उजव्या कोपऱ्यात नावावर टिचकी मारली की 'कॉपी लॉगिन कमांड' दिसतं. ती ओळ चिकटवली की वहीतली नोंद तोच करतो. बाकी गेट, डिस्क्राइब, लॉग्स या आज्ञा ओसीलाही तशाच कळतात.

पोदेर

घरच्या खिडकीत परत या आणि काहीतरी चालवा, समजा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. इमेज म्हणजे कंटेनरचा साचा, पॉड म्हणजे चालणाऱ्या कंटेनरचं वेष्टन, आणि डिप्लॉयमेंट म्हणजे 'याच्या इतक्या प्रती चालू ठेव' असा हुकूम. भाचीने नाव ठेवलं पोदेर, म्हणजे आपला पाववाला:

क्यूबसीटीएल क्रिएट डिप्लॉयमेंट पोदेर --इमेज=एनजिनएक्स
क्यूबसीटीएल गेट पॉड्स

नाव छोट्या रोमन अक्षरांतच हवं, मोठं अक्षर किंवा मोकळी जागा चालत नाही. पॉड आधी 'कंटेनर क्रिएटिंग', मग 'रनिंग'. बघायचं असेल तर:

क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड डिप्लॉयमेंट/पोदेर ८०८०:८०

आकडे अर्थात इंग्रजी. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० उघडा, एनजिनएक्सचं स्वागताचं पान दिसेल. मग कंट्रोल-सी दाबून बाहेर या आणि प्रती वाढवा:

क्यूबसीटीएल स्केल डिप्लॉयमेंट पोदेर --रेप्लिकाज=३

आता 'गेट पॉड्स'मधलं एक नाव उचलून 'क्यूबसीटीएल डिलीट पॉड' पुढे चिकटवा. पुन्हा यादी बघा, तीनच आहेत. गेलेल्याच्या जागी नव्या नावाचा आलाय. भाचीने तीनदा मारून बघितला. "मामा, हा मरतच नाही!" मरतो, पण तुम्ही तांडेलाला 'तीन हवेत' असं सांगून ठेवलंय आणि तो मोजत बसलाय. थांबवायचं तर पॉड नाही, डिप्लॉयमेंट पुसायचं.

काही अडलं तर दोन आज्ञा. पॉड सुरूच होत नसेल तर 'क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड' आणि नाव, आणि थेट शेवटचा 'इव्हेंट्स'चा भाग वाचा. सुरू होऊन पडत असेल तर 'क्यूबसीटीएल लॉग्स' आणि नाव, पडलेल्या आधीच्या फेरीचं हवं तर '--प्रीव्हियस'. 'इमेजपुलबॅकऑफ' म्हणजे इमेज मिळत नाही. नाव चुकलं, किंवा कॉलेजच्या एकाच जोडणीवरून सगळा वर्ग ओढत असल्याने डॉकर हबने, म्हणजे इमेजच्या भांडाराने, 'टू मेनी रिक्वेस्ट्स' म्हणून हात वर केले. 'पेंडिंग' म्हणजे बहुधा बसायला जागा नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर रेप्लिका ५० लिहून बघू नका. भाचीने बघितलं.

थोडी सोय

आज्ञा अर्धी लिहून टॅब दाबला की पुरी व्हावी, ही सोय सगळ्यात आधी करून घ्या. 'क्यूबसीटीएल कम्प्लिशन बॅश' ही आज्ञा त्याचा मजकूर छापते. तो बॅशआरसी फाइलमध्ये कसा जोडायचा ते 'क्यूबसीटीएल कम्प्लिशन --हेल्प' सांगतं. पॉडांची शेपटीवाली नावं हाताने टाइप करायची नसतात. 'के' असं लघुनाव सगळेच ठेवतात, मी पहिला महिना ठेवू देत नाही.

क्यूब-पीएस१ नावाची छोटी स्क्रिप्ट करंट कॉन्टेक्स्ट टर्मिनलच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दाखवते. मी वर सांगितलेली सकाळ तिच्यामुळे टळली असती. हेल्म लागेल तेव्हा बसवा. तयार सॉफ्टवेअरची गाठोडी क्लस्टरमध्ये उतरवायला ते वापरतात. एखाद्या लेखात हेल्मसोबत टिलर बसवायला सांगितलं असेल तर तो लेख बंद करा, २०१९च्या हेल्म ३पासून टिलर उरलेलाच नाही. के९एस हे टर्मिनलमध्येच सगळं रंगीत दाखवणारं सुंदर हत्यार आहे, पण आधी साध्या आज्ञा बोटांत बसू द्या. त्यात पुसण्याची कळही फार जवळ असते.

आणि 'क्यूबसीटीएल एक्सप्लेन पॉड.स्पेक' हे विसरू नका. कुठल्या जागी काय लिहायचं याचा शब्दकोशच आहे.

रात्री आवरताना

सराव झाला की:

काइंड डिलीट क्लस्टर --नेम सराव

ही आज्ञा वहीतली नोंदही काढते. क्लस्टर ठेवायचं असेल तर नुसतं 'डब्ल्यूएसएल --शटडाउन', रॅम मोकळी होते. दुसऱ्या दिवशी जोडणी नाकारली असं आलं तर 'डॉकर पीएस -ए' बघा, कंटेनर थांबलेला दिसला तर 'डॉकर स्टार्ट सराव-कंट्रोल-प्लेन', आणि मिनिटभर थांबा.

सोमवारी दुपारी भाचीचा मेसेज आला. पहिल्याच आज्ञेला फॉरबिडन. सोबत हसरा चेहरा होता.